टर्बो गाडीचं ऑइल घरी बदलावं का? मी म्हणतो, टर्बो आहे म्हणूनच बदलावं

गोटीपाना
रविवारी सकाळी गाडीचं इंजिन ऑइल घरीच बदललं. ही तिसरी खेप. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, डायरेक्ट इंजेक्शनवालं (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं), २५,४०० किलोमीटर झालेत. मी पार्किंगमध्ये गाडीखाली आडवा पडलेलो, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका थांबून म्हणाले, "साधी गाडी असती तर ठीक होतं रे, टर्बोशी कशाला खेळतोस?"

मला नेमकं उलटं वाटतं. साधी गाडी असती तर गॅरेजला देऊन मी विसरून गेलो असतो. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा. त्याचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, आणि बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या पातळ थरावर नुसता तरंगत असतो. एका अंगाला एक्झॉस्टची धग, आठ-नऊशे अंशांपर्यंत जाणारी. त्याला वेगळं ऑइल नसतं, इंजिनचंच ऑइल एका बारीक नळीतून तिथे पोचतं. ऑइल करपून त्या नळीत काजळी धरली की संपलं. म्हणजे ज्या गाडीत ऑइलची चूक सर्वांत महाग पडते, तिचंच ऑइल कोण ओततंय हे मला बघू दिलं जात नाही!

पहिल्या सर्व्हिसनंतर घरी येऊन गेज पट्टी काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. फोन केला तर म्हणे, "जास्त असलेलं चांगलं, सर." चांगलं कसलं? क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) त्यात बुडून फिरला की फेस होतो, आणि फेसाचा थर कसला धरतोय. ड्रेन बोल्ट एअर गननं इतका आवळला होता की पुढच्या वेळी सोडवताना मी पान्यावर पाय देऊन उभा राहिलो.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. दर १० हजारांना कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यासाठी. मधल्या ५ हजारांना घरी, गाडीसाठी. तासाभराचं काम आहे. तुमचं मत सांगा, शिव्याही चालतील.

आडरस्ता
शिव्या नाही, पण असहमत. वॉरंटीचा विचार केलायत का? १० हजारांचा शिक्का आहे म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. उद्या २८ हजारांवर टर्बो शिट्टी मारायला लागला, आणि त्यांच्या माणसाला फिल्टर वेगळ्याच कंपनीचा दिसला, की तुमच्या शिक्क्याला काही किंमत नाही. "बाहेरचं काम झालंय" एवढं वाक्य पुरे. मग तुम्ही सिद्ध करत बसा की ऑइल बरोबर ग्रेडचं होतं.

माझीही टर्बो आहे. वॉरंटी असेपर्यंत बॉनेट उघडतो ते फक्त काच पुसायचं पाणी भरायला. आणि एक विचारू का, ज्यांच्यावर विश्वास नाही त्यांच्याकडेच १० हजारांना गाडी देता, मग हा अर्धा विश्वास कसला?

गोटीपाना
शिक्क्यापुरता विश्वास. 😀
वॉरंटीचं मात्र एकतर्फी सांगताय. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणं आणि बाहेर काम केलं की वॉरंटी नाकारणं, हे त्यातलेच मुद्दे. मी ऑइल आणि फिल्टर दोन्हींची पावती, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो, सगळं जपून ठेवतो. फिल्टर कंपनीचाच घेतो.

आडरस्ता
आणि त्या आदेशावर पुढे अपिलं झाली, ते राहिलं सांगायचं. कायदा तुमच्या बाजूचा असेल हो. पण गाडी ग्राहक आयोगाच्या तारखा संपेपर्यंत पार्किंगमध्ये उभी राहील, आणि ऑफिसला तुम्ही रिक्षानं जाल.

मल्टिजेट१२४८
गोटीपानांना पूर्ण पाठिंबा. माझी जुनी डिझेल स्विफ्ट, फियाटचं १.३ मल्टिजेट. तीन लिटरच्या थोडं वर ऑइल लागतं. फिल्टर कागदी, प्लॅस्टिकच्या डब्यात, वरूनच निघतो. या इंजिनाची टायमिंग चेनसुद्धा (व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणारी साखळी) ऑइलच्या दाबावर ताणलेली राहते, त्यामुळे इथे घाण ऑइल म्हणजे टर्बोसोबत चेनही गेली. १ लाख ६० हजार झालेत, टर्बो मूळचाच.

डिझेलवाल्यांना एक सांगतो. ओतल्याबरोबर ऑइल काळं दिसतं, म्हणून घाबरून लगेच परत बदलू नका. डिझेलमध्ये ते तसंच होतं.

रसायन
५ हजारांवर सिंथेटिक ऑइल ओतून देणं म्हणजे पैसे आणि ऑइल दोन्ही गटारात (शब्दशः गटारात नसावं ही अपेक्षा). घरी की गॅरेजमध्ये, हा वाद मला दुय्यम वाटतो. कॅनवर काय लिहिलंय ते किती जण वाचतात? ५डब्ल्यू-३० एवढंच बघून लोक निघतात. तो आकडा फक्त पातळपणाचा.

डायरेक्ट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर जोरात ॲक्सिलरेटर दाबला की कधीकधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. एकाच दणक्यात पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटचा त्याच्याशी संबंध दिसला, म्हणून २०१८ मध्ये एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी हे दर्जे आले. कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम वापरण्याकडे कल गेला. गोटीपाना, तुमच्या कॅनवर एसपी आहे का? दुकानदाराने "तेच आहे, पण स्वस्त" म्हणून जुना एसएन दिला असेल तर तुमच्या रविवारच्या कष्टांचा गाडीला उपयोग नाही.

आणि बीएस६ डिझेलवाल्यांनी तर अजिबात मनाने ग्रेड ठरवू नये. एक्झॉस्टमध्ये काजळीचा फिल्टर असतो, त्याला कमी राखेचं ऑइल लागतं. चुकीचं ओतलं तर ती राख फिल्टरमध्ये कायमची बसते, हायवेवर पळवून जळत नाही.

गोटीपाना
एसपीच आहे, मॅन्युअल समोर ठेवून घेतलं. ५ हजारांबद्दल: माझी गाडी रोज चार किलोमीटर शाळा, तीन किलोमीटर भाजी मंडई, परत घर. इंजिन धड तापतच नाही. अशा वापरात डायरेक्ट इंजेक्शनचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. मागच्या वेळी पट्टीचा वास घेतला तर पेट्रोल पंपावर उभा असल्यासारखं वाटलं.

रसायन
हे आधी लिहायला हवं होतं. अशा वापराला मॅन्युअलमध्येच लवकर बदला म्हणून लिहिलेलं असतं. ५ हजार मान्य. पण आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास हायवेला काढा, बरंचसं पेट्रोल उडून जाईल. ऑइलच्या कॅनपेक्षा स्वस्त.

सचिव_बी_विंग
सगळे टर्बोबद्दल बोलताहेत, फरशीबद्दल कोणी बोलत नाही. मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे (दुर्दैवाने). आमच्याकडेही एक हौशी आहेत. पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर दोन वर्षांपूर्वीचा डाग अजून आहे, आणि गेल्या पावसाळ्यात दुचाकीवरच्या एक बाई त्यावर घसरल्या. त्यांनी जुनं ऑइल कुठे टाकलं विचारलं तर म्हणे, "झाडांच्या कडेला, वाळवीला चांगलं असतं." आमच्या सोसायटीला बोअरवेल आहे हो!

वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात मोडतं. गॅरेजवाल्याकडे ड्रम साठतो, घ्यायला माणूस येतो. तुमचे साडेतीन लिटर न्यायला कोण येणार? आणि मधल्या ५ हजारांना जास्तीचं बदलताय, म्हणजे घाणही दुप्पट. थेट विचारतो, रविवारचं काळं ऑइल आत्ता कुठे आहे?

गोटीपाना
खरं सांगतो. नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून बाल्कनीत ठेवलंय. आधीचे दोन कॅनही तिथेच आहेत. घरून रोज बोलणी खातोय.

सचिव_बी_विंग
म्हणजे तिन्ही खेपांचा साठा. बरं.

जर्सीकर
इथे न्यू जर्सीत हा प्रश्नच येत नाही, ऑटोझोनसारख्या दुकानात जुनं ऑइल नेऊन दिलं की फुकट घेतात. वॉरंटीचंही १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे बरं आहे, आमच्याकडूनच सर्व्हिस करा अशी सक्ती कंपनीला सहसा करता येत नाही. तरी मी घरी करत नाही. दोन वेळा केलं. दुसऱ्या वेळी गाडी नुसत्या जॅकवर होती आणि माझा हात बाहेर आल्यावर मिनिटाभरात जॅक हळूच बसला. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून बायकोने पान्यांची पेटी वरच्या फळीवर ठेवली ती अजून तिथेच आहे. घरी करणाऱ्यांनी टर्बो, कॅल्शियम वगैरे नंतर बोलावं. गाडी कशावर उभी करता ते आधी सांगा.

गोटीपाना
लोखंडी रॅम्पवर, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी बोटही घालत नाही.

ग्रीसवाले_काका
कोल्हापूरला उद्यमनगरात ३१ वर्षं गॅरेज चालवलं, आता पोरगा बघतोय. हे सगळं वाचून दोन्ही बाजूंवर हसू आलं.

घरी करणारी मंडळी आमच्याकडे येतात ती एकाच कारणानं, चेंबरचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे) आटे गेलेले. हल्लीचं चेंबर ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा. माणसाच्या हातात पाना आला की त्याला जोर काढावासा वाटतोच. बोल्ट आधी हातानं चार-पाच वेढे फिरवायचा, अडला तर उलटा काढायचा. मग टॉर्क पान्यानं पुस्तकात दिलाय तेवढाच. फिल्टर काढला की जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, ते बोट फिरवून बघायचं. तिच्यावर नवी बसली की सुरू केल्याबरोबर सगळं ऑइल रस्त्यावर. हे मी पदवीवाल्या इंजिनियरच्या गाडीतबी बघितलंय.

आता टर्बोचं. नवा फिल्टर रिकामा असतो. सुरू केल्यावर ऑइल आधी तो भरतं, मग वर टर्बोला जातं. तेवढी पाच-सात सेकंदं दांडा कोरडा फिरतो. म्हणून फिल्टर उभा बसत असेल तर आधी ऑइलनं भरून लावा. आणि सुरू केल्यावर ऑइलचा दिवा विझला तरी मिनिटभर ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. घाईचा मेकॅनिक इथंच चुकतो. पैल्या झटक्यात भुर्र करून बघतो. घरी करणारा निदान इथं तरी निवांत असतो, हे त्याचं मान्य.

पण बाबांनो, सगळ्यात सोपी वाट कोणच बोलंना. सीलबंद कॅन आणि फिल्टर स्वतः घेऊन ओळखीच्या गॅरेजला जा, शेजारी स्टूल टाकून बसा, चहा प्या, तुमच्या डोळ्यांदेखत करून घ्या. जुनं ऑइल आमच्या ड्रममध्ये. मजुरी दोन-तीनशे रुपये.

रसायन
काका, फिल्टर आधी भरायला माझा विरोध. आपण वरून ओततो ते ऑइल फिल्टरच्या स्वच्छ बाजूला जातं, न गाळता थेट बेअरिंगला. कॅनच्या तोंडाशी एखादा कण असला तर? त्यापेक्षा बऱ्याच इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला की इंधन बंद राहतं. इंजिन नुसतं फिरतं आणि ऑइलचा दाब तयार होतो. मग पाय काढून नेहमीसारखं सुरू करायचं.

ग्रीसवाले_काका
सीलबंद कॅनमध्ये कण कुठनं येणार? ३१ वर्षं भरूनच लावतोय, एक बेअरिंग गेलं नाही त्यापायी. तुमची युक्तीबी चालते, बॅटरी दमदार असली तर.

मल्टिजेट१२४८
काका, स्टूल टाकून बसू देणारं गॅरेज आता शोधून सापडत नाही. बहुतेक ठिकाणी काचेपलीकडच्या सोफ्यावर बसवून कॉफी देतात. तिथून दिसतं ते फक्त तुमचं बिल छापताना.

आडरस्ता
काकांची वाट मला पटली. वॉरंटी संपली की मीही तेच करणार. तोपर्यंत काचेपलीकडचा सोफा.

गोटीपाना
काका, स्टुलाची कल्पना छान आहे, पण हाताला काळं लागल्याशिवाय माझा रविवार जात नाही. बाल्कनीतले तिन्ही कॅन मात्र या शनिवारी इथल्या एका गॅरेजमध्ये नेऊन देतोय, विचारून घेतलं, ते घेतात. सचिव साहेब, टोचलंत ते बरं केलंत.
काका, एक शंका. ड्रेन बोल्टचं वॉशर नवीन आणायचं विसरलो, जुनंच उलटं करून लावलं. चालतं ना?

ग्रीसवाले_काका
उलटं करून? एवढं एसपी नि मॅग्नेशियम बघितलंस आणि दहा-वीस रुपयांचं वॉशर जुनं? ते एकदाच दबायसाठी असतं. गाडीखाली रात्री पुठ्ठा टाक, सकाळी बघ.

गोटीपाना
टाकला होता. सकाळी रुपयाएवढा डाग आहे.

सचिव_बी_विंग
मी काही बोलत नाही.

ग्रीसवाले_काका
घाबरू नको, आणि अजून आवळायला तर अजिबात जाऊ नको, आटे जातील. बोल्ट, चेंबर आणि फिल्टरच्या खालचं अंग फडक्यानं कोरडं पूस, पुठ्ठा बदल. फिल्टर काढताना सांडलेलं कुठं अडकलं असंल तर उद्या डाग येणार नाही. आला, तर स्वच्छ धुतलेल्या भांड्यात ऑइल काढ, नवीन वॉशर टाक, तेच ऑइल परत ओत. आणि तोवर पट्टी रोज बघत जा.