टेलर स्विफ्टचा नवा अल्बम: मलाच असं होतंय का?

विरारफास्ट: 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तिच्या 'फोकलोर' अल्बमच्या शब्दांनी वेड लावलं होतं. या नव्या 'द लाइफ ऑफ अ शोगर्ल'मध्ये मॅक्स मार्टिन आणि शेलबॅक हे तिचे जुने निर्माते परत आलेत, ठेका झकास, लोकलमध्ये उभ्या उभ्या पाय हलतो. पण शब्द? अंधेरीला ऐकलेली ओळ दादरला आठवत नाही.

गिरगावकर: 12च गाणी आहेत हे नशीब समज. 2024 च्या अल्बममध्ये 31 अंगावर आली होती, त्यातली किती आठवतात?

हेडफोनवाली: मला तर बेस जाम आवडला. दरवेळी रडायलाच हवं का बाई?

विरारफास्ट: तसं नाही गं. पण पाचव्या गाण्याला डोळ्यांत पाणी आणायचा तिचा रिवाजच आहे ना? यंदा मी कोरडीच.

गिरगावकर: ते थोरल्या लेकीचं गाणं आहे. तू शेंडेफळ असणार!