सोमवारी पहिला उलटतपास, सुरुवात कुठून करू? (मदत हवी आहे)

ओरोसचा_ज्युनियर
सनद मिळून वर्ष होत आलं. आजवर तारखा घेणं, पुरशिस (कोर्टाला द्यायची लेखी टिपणं) टाकणं, नकलेचे अर्ज आणि झेरॉक्सच्या रांगा. आता सोमवारी साक्षीदार उलटतपासाला आहे आणि सिनियरनी फाईल माझ्या हातात ठेवली, "तूच घे, मी कोल्हापूरला आहे." साक्षीदार सत्तरीचा, वाडीतला वजनदार माणूस. प्रतिज्ञापत्र इतकं चोख आहे की बोट शिरवायला जागा नाही.
कॉलेजात मूट कोर्टचं बक्षीस मिळालं होतं, पण तिथे समोर साक्षीदार नसतोच. पहिला प्रश्न काय विचारतात? किती विचारायचे? न्यायाधीश साहेब मध्येच चिडले तर थांबायचं का? पुस्तकं सुचवू नका, तेवढा वेळ नाही. आज गुरुवार उजाडला.

चिपळूणची_वकील
दिवाणी की फौजदारी? तुम्ही कुणाकडून? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

फौजदारी_फक्त
कुठलंही असो, पद्धत एकच. साक्षीदाराचा पोलिसांपुढचा जबाब घे, शेजारी कोर्टातला सरतपास (त्याच्याच बाजूच्या वकिलाने घेतलेली साक्ष) ठेव, पेन्सिलने खुणा कर. कोर्टात सांगितलं पण जबाबात नाही ते ओमिशन, वेगळंच सांगितलं ते कॉन्ट्राडिक्शन. एकेक घेऊन विचार, "हे पोलिसांना सांगितलं होतं का?" "सांगितलं होतं, त्यांनी का लिहिलं नाही ते माहीत नाही" हे ठरलेलं उत्तर येतं. येऊ दे. पुढे तपास अधिकारी पिंजऱ्यात आला की त्याच्या तोंडून ते सिद्ध करून घे, नाहीतर मेहनत पाण्यात. आणि प्रत्येक बारीकसारीक ओमिशन कामाचं नसतं, सर्वोच्च न्यायालयाचा 1959 चा तहसीलदार सिंग निकाल वाच. शर्टाचा रंग सांगितला नाही म्हणून कुणी सुटत नाही.

ओरोसचा_ज्युनियर
फौजदारी नाही सर. पायवाटेचा दावा आहे, मनाई हुकूम मागितलाय. आम्ही प्रतिवादी, आमच्या पक्षकाराने वाटेवर गडगा (दगडी कुंपण) घातला. कोर्टाचं नाव विचारू नका, लहान गाव आहे.

हापूसवाला_देवगड
वकीलसाहेब, विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या कलमांतून शेजाऱ्याचे गडी क्रेट घेऊन जातात. मी फाटक लावून कुलूप घातलं आणि चावी त्यालाही दिली तर चालेल का? मोजणी झालेली आहे, हद्दीचे दगड आहेत.

चिपळूणची_वकील
हापूसवाले काका, नवा धागा काढा, तिथे उत्तर देते. तोवर कुलूप नको.

राजापूरचे_काका
अरे बाळा, वादी वाट कशावर मागतोय? गरजेची वाट की वीस वर्षांची वहिवाट? सगळे प्रश्न त्यावर ठरतात.

ओरोसचा_ज्युनियर
दाव्यात दोन्ही लिहिलंय.

फौजदारी_फक्त
मग सोपं आहे. वादीच्या घराला दुसरा रस्ता आहे एवढं साक्षीदाराकडून काढून घे. दावा संपला.

राजापूरचे_काका
संपत नाही हो. दुसरा रस्ता निघाला तर सुविधाधिकार कायद्याच्या कलम 13 ची गरजेची वाट पडते. तीही मुळात जमीन एका मालकाची असून नंतर वाटली गेली असेल तरच मागता येते. कलम 15 च्या वहिवाटीला दुसरा रस्ता असला तरी फरक पडत नाही. तिथे वादीला दाखवावं लागतं की वीस वर्षं उघडपणे, हक्काने, अडथळ्याशिवाय ये-जा होती, आणि ती वीस वर्षं दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत येऊन संपतात. यातला एक दुवा निसटला तरी पुरे. "हक्काने" हा सगळ्यात कच्चा दुवा असतो. कोकणात शेजारी विचारून जातात, "जाव काय रे?" म्हणतात. परवानगीने गेला की हक्क गेला. साक्षीदाराकडून परवानगी काढ.

चिपळूणची_वकील
काका, थांबा. कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, काय लिहिलंय ते आधी कळू दे.

ओरोसचा_ज्युनियर
कैफियतीत लिहिलंय की तिथे कधीच वाट नव्हती.

राजापूरचे_काका
मग परवानगी विसर. "वाटच नव्हती" आणि "परवानगीने जात होते" दोन्ही एका तोंडाने म्हणता येत नाही, निदान कैफियतीत पर्याय म्हणून घेतलेलं नसताना. समोरचा वकील लगेच उठेल. कैफियत कुणी लिहिली रे?

ओरोसचा_ज्युनियर
सिनियरनी.

राजापूरचे_काका
बरं. बरं.

चिपळूणची_वकील
आता उरलेलं सांगा. दावा कोणत्या सालचा? साक्षीदार वादीचा कोण लागतो? आणि याआधी तहसीलात काही झालं होतं का? वाटेच्या भांडणात लोक आधी तहसीलदाराकडेच जातात.

ओरोसचा_ज्युनियर
दावा 2022 चा. साक्षीदार लांबचा चुलता. तहसीलात वादीने मामलेदार न्यायालय कायद्याखाली अर्ज केला होता, सहा महिन्यांच्या मुदतीबाहेर म्हणून फेटाळला. तिथे याच साक्षीदाराचा जबाब झालाय. त्यात तो म्हणतो, 1994 पासून 2014 ला निवृत्त होईपर्यंत नोकरीला डोंबिवलीत होतो, गणपतीत आणि शिमग्याला यायचो. आता प्रतिज्ञापत्रात मात्र आहे, "मी जन्मापासून गावात राहतो आणि वादीस सदर वाटेने रोज जाता-येताना पाहिले आहे." हे महत्त्वाचं आहे का? अर्ज फेटाळलेला म्हणून मी लिहिलं नव्हतं.

फौजदारी_फक्त
😂😂 बोट शिरवायला जागा नाही म्हणे.

चिपळूणची_वकील
अहो, तुमचा सगळा उलटतपास तिथेच आहे. अर्ज फेटाळला तरी त्यातला जबाब हे साक्षीदाराचं आधीचं लेखी कथनच असतं. सही-शिक्क्याची नक्कल आहे का?

ओरोसचा_ज्युनियर
मोबाईलमध्ये फोटो आहे.

चिपळूणची_वकील
फोटोवर भागणार नाही. उद्या शुक्रवार, शनिवार-रविवार कचेरी बंद. सकाळी उघडतानाच नकलेचा अर्ज टाका आणि तिथेच बसा. नाहीच मिळाली तर सोमवारी तहसीलातलं दप्तर मागवण्याचा अर्ज द्या. दस्तऐवजांच्या यादीत नव्हता म्हणून घाबरू नका. वादीच्या साक्षीदाराच्या उलटतपासासाठी आणलेल्या कागदाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 नियम 1अ मध्ये सूट आहे. पक्षकार स्वतः साक्षीला उभा असला तरी हेच लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या डिसेंबरात सांगितलंय.

फौजदारी_फक्त
कलम 148 प्रमाणे तो भाग त्याला दाखवायला विसरू नको.

राजापूरचे_काका
145.

फौजदारी_फक्त
काका, 1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आलाय. 145 आता इतिहासजमा.

राजापूरचे_काका
नवा अधिनियमच सांगतो की आधीपासून चालू असलेलं प्रकरण जुन्या कायद्याने चालवायचं. दावा 2022 चा आहे, वर वाचलंत ना? मजकूर बराचसा तोच आहे, पण अर्जात 148 लिहिलंस तर समोरच्याला उगाच दहा मिनिटं मिळतील.

माजी_शिरस्तेदार
वकीलमंडळी कलमांत रमली म्हणून पिंजऱ्याजवळचं सांगतो. साक्षीदाराचं उत्तर जसंच्या तसं कागदावर उतरत नाही. तो बोलतो, मग साहेब वाक्य करून स्टेनोला सांगतात, "हे खरे आहे की, मी 1994 ते 2014 या काळात डोंबिवली येथे नोकरीस होतो." ते टाईप होईपर्यंत पुढचा प्रश्न विचारायचा नाही. नवे वकील घाईत पुढे जातात आणि चांगलं उत्तर अर्धंच उतरतं. कान साहेबांच्या शब्दांवर ठेवा. "होतो" चं "असायचो" झालं तर तिथेच, उभं राहून, नम्रपणे सांगायचं. साक्ष वाचून दाखवून सही झाल्यावर तक्रार करून उपयोग नसतो. एखादं उत्तर फारच मोलाचं असेल तर तो प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं घ्यावं अशी विनंती करता येते, आदेश 18 मध्ये सोय आहे. पण ऊठसूट मागू नका, साहेब वैतागतात. मी बघितलंय.

ओरोसचा_ज्युनियर
शिरस्तेदार काका, हे कुणीच सांगितलं नव्हतं. साक्षीदार मालवणीतच बोलणार. साहेब विदर्भातले आहेत. मी प्रश्न मालवणीत विचारू का?

माजी_शिरस्तेदार
प्रश्न साध्या मराठीत. उत्तर मालवणीत आलं आणि साहेबांना कळलं नाही तर ते स्वतःच विचारतील. तुम्ही दुभाषे होऊ नका, समोरचा हरकत घेईल.

फौजदारी_फक्त
आणि जबाब दाखवल्यावर सोडू नको. थेट विचार, "मग रोज पाहिलं असं खोटं का लिहिलं?" घाम फुटेल.

राजापूरचे_काका
मुळीच विचारू नको. घाम-बिम काही फुटत नाही. तो म्हणेल, "साहेब, आई गावाला एकटी, मी दर पंधरवड्याला रातराणीने येत होतो." झालं, भोक बुजलं, तेही तुझ्या हातून. क्रम असा ठेव. आधी नोकरी कुठे होती, मग मुलांची शाळा कुठे, मग रेशनकार्ड कुठलं. तिन्हीला "डोंबिवली" आलं की तहसीलातली सही तुमचीच का, मजकूर वाचून मगच सही केली का. मग तो भाग दाखव, आणि तिथे थांब. वीस वर्षांचा हिशेब 2002 ते 2022 असा धरला तर त्यातली बारा वर्षं हा माणूस गावातच नव्हता, हे युक्तिवादात म्हणायचं. साक्षीदाराला समजावून सांगायचं नाही.

फौजदारी_फक्त
इतक्या मिळमिळीत उलटतपासाने पक्षकार खूश होत नाहीत काका.

राजापूरचे_काका
पक्षकार मागच्या बाकावर बसतो, निकाल पुढे लिहिला जातो.

चिपळूणची_वकील
मी काकांच्या बाजूने, पण मुलांची शाळा विचारू नका. तिचा कागद तुमच्याकडे नाही, उत्तर काय येईल ते माहीत नाही. रेशनकार्डाचंही तेच. नोकरी आणि सही एवढ्यावर भागतं. शेवटी आपली बाजू मात्र सुचवा, "तिथे वाट नव्हती, वादी नातलग म्हणून तुम्ही खोटं सांगता." तो नाही म्हणेल, "हे म्हणणे खरे नाही" असं उतरेल, उतरू दे. सुचवलंच नाही तर पुढे म्हणतात, ही बाजू साक्षीदारापुढे ठेवलीच नव्हती.
आणि हे सोमवारपुरतं झालं. पुढचं विचाराल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयाची (गरीब आरोपींना मोफत वकील देणारं) जाहिरात येते तिच्यावर लक्ष ठेवा. असिस्टंटच्या जागेला नव्या वकिलांना संधी असते, आणि तिथे साक्षीदार रोज मिळतात.

कोट_घामाघूम
नव्या वकिलांना सल्ला: उन्हाळ्यात जिल्हा आणि तालुका कोर्टात काळा कोट सक्तीचा नाही, बार कौन्सिलच्या नियमातच आहे. बँड मात्र हवा. मे महिन्यात ओरोसला कोट घालून उभं राहायचं म्हणजे शिक्षाच.

ओरोसचा_ज्युनियर
कोट, ठीक आहे. चिपळूणच्या ताई, नकलेचा अर्ज आत्ता लिहून ठेवला, उद्या पावणेदहाला तहसीलात. साहेब चिडले तर काय, ते राहिलं.

माजी_शिरस्तेदार
"या प्रश्नाचा संबंध काय" असं विचारलं तर एका वाक्यात कोर्टाने ठरवलेल्या वाद-मुद्द्याचा क्रमांक सांगा, "मुद्दा दोन, वहिवाटीचा काळ." वाद-मुद्द्यांचा कागद फाईलच्या वर ठेवा. दोनदा तोच प्रश्न विचारलात तर मात्र चिडणारच, आणि बरोबरच आहे.

फौजदारी_फक्त
तुझे सिनियर कोल्हापूरला हायकोर्टाच्या नव्या सर्किट बेंचला का? ऑगस्ट 2025 ला सुरू झाल्यापासून आमच्या बारचे निम्मे लोक तिकडेच असतात. मुंबईची रात्रीची गाडी सुटली एकदाची.

कोट_घामाघूम
सुटली कसली, कंबर गेली. सिंधुदुर्गातून करूळ घाटाने जाताय की फोंडा घाटाने? पावसात विचारून निघा.

फौजदारी_फक्त
फोंडा. करूळला दरड आली की दिवस गेला.

हापूसवाला_देवगड
धागा काढलाय ताई, "फाटक आणि चावी" नावाने. कुलूप काढलं, फाटक ठेवलंय.