मदत हवी आहे: पतसंस्थेतली नोकरी, एम.कॉम.चं पहिलं वर्ष आणि गावी आजारी वडील. काही दिवस काय बाजूला ठेवू?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथं नुसतं वाचत आलेय, लिहायची ही पहिलीच वेळ. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी २५ वर्षांची. कोल्हापुरात एका पतसंस्थेत तीन वर्षं नोकरी करतेय, सध्या कॅश काउंटरला बसते. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कॉलेजात एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, दुसरं सत्र चालू आहे. कॉलेज सकाळी साडेसातला, काउंटर साडेदहाला. घर गडहिंग्लज तालुक्यात. घरी आई आणि आण्णा, भाऊ फौजेत, सध्या राजस्थानात.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, आण्णांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती म्हणून रात्रभर उसाला पाणी पाजत होते. पहाटे घरी आले ते पाय ओढतच. आईला वाटलं जागरणानं झालं असेल, चहा देऊन झोपवलं. दुपारी उठवायला गेली तर तोंड वाकडं झालेलं. कोल्हापूरला आणेपर्यंत दिवस मावळला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर कळलं. वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी माणसाला झोपवू नका. गाडी काढा.

आता तीन महिने होत आले. आण्णा धरून चालतात. उजवा हात अजून साथ देत नाही. शब्द अडतात. चहा हवा असला की 'पाणी' म्हणतात आणि चुकलं हे त्यांना लगेच कळतं, मग बराच वेळ बोलतच नाहीत.

शनिवारी संध्याकाळी काउंटर मिटवून मी एसटी धरते. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून दर आठवड्याला जाणं परवडतं तरी. रविवारचा दिवस घरी, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. त्या सोमवारी पहिला तास हमखास बुडतो. हजेरी ७५ टक्के लागते आणि माझी आत्ताच काठावर आहे.

रविवारी मी त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. फिजिओथेरपिस्टनी सांगितलंय, दोन वाट्या घ्यायच्या, एका वाटीतले हरभरे उजव्या हाताच्या चिमटीनं उचलून दुसरीत टाकायचे. पहिल्या रविवारी चार हरभरे गेले आणि वाटी उलटली. आण्णा भिंतीकडे तोंड करून बसले. गेल्या रविवारी सतरा गेले. सतरावा उचलताना त्यांच्या कपाळावर घाम होता आणि आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. पण मधले सहा दिवस हे कोण करून घेणार? आई जनावरं, धारा, स्वयंपाक, आण्णांची आंघोळ यातच अडकलेली असते. शिवाय आण्णा तिचं ऐकत नाहीत, माझं ऐकतात.

इकडे ऑफिसात मार्चएंड तोंडावर आलाय. वसुली, थकबाकीच्या याद्या, व्याजाच्या नोंदी, ऑडिटची तयारी. मार्चमध्ये रजेचं नाव काढायचं नसतं. परीक्षा एप्रिलमध्ये. गेल्या पंधरवड्यात दिवसअखेरीला माझी कॅश पाचशेनं कमी आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. बंडलं तीनदा मोजली, स्पंजावर बोटं ओली करून करून पांढरी पडली, व्हाउचरं पुन्हा लावली. शेवटी खिशातून भरले. पाचशे गेले त्याचं एवढं नाही, पण कुठं चुकलं हे मला अजून आठवत नाही, त्याची भीती वाटते. त्या दुपारी आईचा फोन आला होता एवढंच आठवतंय.

आता खरी अडचण. ज्याला विचारावं तो एकच सांगतो, 'एम.कॉम. सोड. नोकरीशिवाय भागणार नाही, वडिलांना तर बघावंच लागणार. शिक्षण काय, पुढंही होईल.' काकांनी हेच सांगितलं, ऑफिसातल्या मॅडमनी हेच, भावानंही फोनवर हेच. कुणाचं वाईट नाही त्यात, सगळे काळजीनंच बोलतात. पण नोकरी घरासाठी आहे, शनिवार-रविवार आण्णांसाठी आहेत, आणि एम.कॉम. तेवढं एकटं माझ्यासाठी आहे. बी.कॉम. झाल्यावर तीन वर्षं पगारातून बाजूला टाकून फी भरली. पहिलं सत्र एकाही विषयात न राहता निघालं. जे फक्त माझं आहे तेच सगळ्यांना आधी सोडण्यासारखं दिसतं, याचा मला त्रास होतोय. आणि हे घरी बोलले तर आण्णांपेक्षा तुला डिग्री मोठी झाली का, असं कुणी म्हणेल, म्हणून इथं लिहितेय.

रविवारी सकाळी मैत्रिणीबरोबर रंकाळ्याला एक चक्कर असायची, ती दिवाळीपासून बंद आहे. त्याबद्दल काही विचारत नाही, पण आठवण येते.

माझे प्रश्न:

दुसरं सत्र कसंबसं पूर्ण करून मग एक वर्ष थांबले तर झालेलं वाया जातं का? दूरशिक्षणाकडे वळता येतं का, आणि त्या पदवीला नोकरीत किंमत आहे का? बिनपगारी रजा मागावी का, आणि मागायची तर मार्चआधी की नंतर? आणि ज्यांच्या घरी असा आजार झाला आहे त्यांनी सांगा, सुरुवातीचे महिने कसे काढले?

———

प्रतिसाद: सायकलवाला मास्तर

ताई, आधी एक गोष्ट मनातून काढा. थांबणं म्हणजे सोडणं नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एम.कॉम. ८८ क्रेडिटचं आहे, सत्राला २२. क्रेडिट म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचं मोजमाप. पहिल्या वर्षाची ४४ पुरी झाली की पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे आणि नंतर परत येता येतं. क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी) या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन खात्यात जमा राहतात, जास्तीत जास्त सात वर्षं. तुमचा एबीसी आयडी काढलेला असेलच, लॉगिन करून पहिल्या सत्राची क्रेडिट चढली आहेत का ते आजच बघा. चढली नसतील तर कॉलेजच्या कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या.

म्हणून माझं मत ठाम आहे: आत्ता मध्येच सोडू नका. पुढचे दोन-अडीच महिने काढा, दुसरं सत्र द्या आणि मग थांबा. अर्ध्या सत्रात सोडलंत तर या सत्राचं हातात काही राहत नाही. एखादा विषय राहिलाच तर नंतर देता येईल.

हजेरीचं कॉलेजला लेखी कळवा. वडिलांच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडा. तोंडी सांगितलेलं जूनमध्ये कुणाच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग असतं, तुमचं पतसंस्थेतलं काम त्यात धरता येईल का, हे विभागप्रमुखांना विचारून बघा. मिळालं तर मोठं ओझं उतरेल.

दूरशिक्षणाबद्दल: मान्यताप्राप्त विद्यापीठाची मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०२२ साली स्पष्ट केलं आहे. शिवाजी विद्यापीठाचं स्वतःचं दूरशिक्षण केंद्र आहे, नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. दुसऱ्या वर्षी तिकडे वळायचं असेल तर क्रेडिट कशी धरतात ते प्रवेशाआधी लेखी विचारा.

———

प्रतिसाद: हिरवी काठी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पक्षाघाताचे रुग्ण रोज बघते. सुधारणा सगळ्यात वेगानं पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. नंतर थांबते असं नाही, पण वेग कमी होतो. म्हणजे तुमच्या आण्णांचा महत्त्वाचा काळ आणि तुमचा मार्चएंड एकत्र आलेत. रविवारी चार तास करून घेण्यापेक्षा रोज वीस-वीस मिनिटं तीनदा केलेलं कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

आईंवर आणखी काम टाकू नका. कामातच व्यायाम बसवा. शेंगा फोडायला द्या, लसूण सोलायला द्या, कपड्याचे चिमटे दोरीवर लावायला द्या. शर्टाची बटणं त्यांचीच त्यांना लावू द्या, दहा मिनिटं लागली तरी. रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करा आणि तुमच्यासमोर हरभरे टाकायला सांगा. तुमचं ऐकतात ना, मग फोनवरही ऐकतील.

बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्टला एकदा नक्की दाखवा. शब्द चुकला की लगेच दुरुस्त करू नका, वाट बघा. आणि गप्प राहणं वाढत गेलं तर डॉक्टरांना सांगा. या आजारानंतर मन खचतं, त्यावरही औषध आहे. तुम्हाला स्वतःला झोप लागत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

———

प्रतिसाद: निवृत्त शाखाधिकारी

बेटा, मी सहकारी बँकेत ३४ वर्षं काढली. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, कॅशवरून स्वतःहून बाजूला हो. मॅनेजरसाहेबांना सरळ सांग की एवढे दोन महिने मला लेजर किंवा वसुलीच्या याद्यांवर ठेवा. यात कमीपणा नाही. माझ्या हाताखालचा चांगला कॅशियर घरच्या काळजीत दोनदा चुकला आणि तिसऱ्यांदा चौकशीत अडकला. त्यानं आधी सांगितलं असतं तर मी त्याला एका दिवसात बदललं असतं.

दुसरी, बिनपगारी रजा शेवटचा पर्याय. आधी साचलेली अर्जित रजा किती आहे ते मस्टर बघून लिहून काढ. तीन वर्षांत बऱ्यापैकी साचली असेल. अर्ज आत्ताच दे, पण रजा माग ती ३१ मार्चनंतरची. मार्च अंगावर घेणाऱ्या माणसाला एप्रिलमध्ये रजा नाकारणं कुठल्याही साहेबाला जड जातं. ती रजा परीक्षेलाही पडेल, आण्णांनाही.

———

प्रतिसाद: तुळशीवृंदावन

मी सोडलं होतं. सासूबाईंच्या आजारपणात, बी.एड.चं दुसरं वर्ष असताना. त्यांचं सगळं केलं, त्याचा मला कधीही पश्चात्ताप नाही. पण तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही, ते आजही सलतं. तू बोल. भावाला फोनवर सांग की दर महिन्याला ठरावीक रक्कम पाठव, त्यात आईच्या मदतीला सकाळची बाई लाव. तो सीमेवर आहे, हातानं काही करू शकत नाही, पण हे करू शकतो. त्यालाही बरं वाटेल, बघ.

———

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं दोनदा वाचलं.

एबीसीवर बघितलं, पहिल्या सत्राची २२ क्रेडिट चढलेली आहेत. आकडा बघून डोळ्यात पाणी आलं. दुसरं सत्र देणार, थांबायचं की नाही ते निकालानंतर ठरवेन. अर्जित रजा ३१ दिवस निघाली, मला वाटलं होतं दहा-बारा असेल. साहेबांना सोमवारी भेटणार आहे, कॅशचंही बोलणार. शाखाधिकारी काका, तुमचं ते 'यात कमीपणा नाही' वाक्य नसतं तर माझं धाडस झालं नसतं.

दादाला फोन केला. तुळशीवृंदावन ताई, तुम्ही म्हणालात तेच झालं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, 'तू आधी का नाही मागितलंस? मला वाटत होतं तुमचं निभतंय.' या महिन्यापासून पाठवतो म्हणालाय. शेजारच्या काकी सकाळच्या धारा काढून द्यायला तयार झाल्यात, म्हणजे आईचा तासभर मोकळा होईल.

आज सकाळी व्हिडिओ कॉलवर हरभरे झाले. आईनं फोन तांब्याला टेकवून ठेवला होता, मला आण्णांचा हात आणि वाटीच दिसत होती. बारा गेले. रविवारपेक्षा कमी, पण रोज होणार आहेत.

अजून एक विचारायचं राहिलं. गडहिंग्लजमध्ये किंवा जवळपास स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून एकदा तरी येतात का? नाहीतर कोल्हापूरला आणावं लागेल, आणि आण्णांना एसटीत चढवणं अजून जमत नाही. कुणाच्या माहितीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा.