सांगली-मिरजेत फोटोग्राफर लोकांचा खराखुरा कट्टा कसा उभा करायचा?

कृष्णाकाठ_क्लिक

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, लग्न-मुंज-बारशाच्या ऑर्डरी करतो आणि सीझन नसला की कॅमेरा घेऊन गावातच भटकतो. आमच्याकडे फोटोग्राफर लोकांना तोटा नाही, सांगली मिरज कुपवाड धरलं तर गल्लीगल्लीत कुणीतरी कॅमेरावाला निघेल, आणि त्यातले कितीतरी जण खरंच जबरदस्त काम करतात. पण एकत्र यायचं म्हटलं की सगळं येऊन थांबतं व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथं सकाळी गुड मॉर्निंग, दुपारी कुणाची तरी सेकंडहँड लेन्स विकायला, रात्री एखादा सूर्यास्ताचा फोटो आणि त्याखाली तीस जणांचे अंगठे, "अप्रतिम भावा", "नादखुळा". त्या फोटोत काय जमलंय काय राहिलंय हे कोणी बोलत नाही.

फोटोवॉक पण काढून बघितले आम्ही. सगळे आयर्विन पुलावर जातो, सगळे एकाच कठड्याला टेकून एकच फ्रेम घेतो, चहा होतो, घरी. पुढच्या रविवारी निम्मी माणसं गळतात.

मला मनापासून वाटतं की आपल्या गावाचे फोटो आपणच काढायला पाहिजेत. हरिपूरची हळदीची पेवं घ्या, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं. पुरांनी बरीचशी निकामी झाली, त्यात उतरून काम केलेली माणसं आता म्हातारी झालीत, त्यांचे नीट फोटो कुठं बघायला मिळतात? मार्केट यार्डातले हळदीचे सौदे, नाटकांचे तालमीचे हॉल, नदीकाठची कुस्तीची तालीम, हे सगळं आपल्या उंबऱ्यात आहे आणि आपण मात्र फ्लेमिंगोसाठी भिगवणला पळतो (भिगवण भारीच आहे, प्रश्न तो नाही).

तर ज्यांनी आपापल्या गावात असा ग्रुप चालवलाय आणि टिकवलाय त्यांनी सांगा, नक्की काय केलं? पैसे कसे जमवले, जागा कुठली, आणि मुख्य म्हणजे धंद्यातले आणि हौशी असे दोघं एकत्र कसे बसवले?

---

रंकाळ्याचा_वारा

दादा, कोल्हापूरहून लिहितोय. आमचा छोटा ग्रुप आहे, नाव वगैरे काही नाही, पण चालू आहे आणि चांगला चाललाय. एकच सांगतो, प्रिंट काढा. मोबाईलवर फोटो दाखवणं आम्ही पूर्ण बंद केलं. महिन्यातून एकदा बसायचं, प्रत्येकानं तीन प्रिंट आणायचे, ८ बाय १२ पुरे, लॅबमध्ये फार खर्च येत नाही. प्रिंट टेबलावर ठेवायचा आणि ज्याचा फोटो आहे त्यानं गप्प बसायचं. तो कुठं काढला, पहाटे किती वाजता उठलो, पाऊस कसा होता, हे काहीच सांगायचं नाही. बाकीच्यांनी आधी बोलायचं की मला यात पहिल्यांदा काय दिसलं, नजर कुठं गेली, कुठं अडली. सगळ्यांचं झालं की मग तो बोलतो. आणि "भारी" "कडक" हे शब्द त्या दोन तासात वापरायचे नाहीत, का आवडला ते कारण सांगायचं.

यानं काय होतं ते एका फोटोवरून सांगतो. चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेचा फोटो होता, तुम्हाला माहितीये तिथं गुलालानं सगळंच गुलाबी होतं, माणूस, दगड, आभाळ. आमच्यातल्या एका पोरानं असाच वाईड घेतलेला, गर्दी, सासनकाठ्या (देवाच्या नावाच्या उंच काठ्या), सगळं कोंबलेलं. बघताना डोळा कुठं थांबतच नव्हता. मग आमच्यातल्या एका सरांनी पुठ्ठ्याचे दोन एल आकाराचे तुकडे घेतले आणि प्रिंटवर ठेवून चौकट लहान लहान करत नेली, आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात एका आजोबांचे हात सापडले, सासनकाठीची दोरी घट्ट धरलेली, नखांत गुलाल, शिरा तटतटलेल्या. एवढाच फोटो होता तो. त्या पोरानं पुढच्या वर्षी यात्रेत फक्त हात काढले, दोरी ओढणारे, नारळ धरलेले, लेकराला खांद्यावर घेतलेले. ते काम मग शाहू स्मारकच्या कलादालनात आमच्या प्रदर्शनात लावलं आणि लोक सर्वात जास्त तिथंच रेंगाळत होते.

जागेचं म्हणाल तर सुरुवातीला कुणाचा तरी स्टुडिओ संध्याकाळी बंद झाल्यावर. पैसे म्हणजे प्रत्येकाचा चहा आणि आपापला प्रिंट, बास. वर्गणी, अध्यक्ष, सेक्रेटरी यात अजिबात पडू नका, पद आलं की भांडण आलं. आणि फोटोवॉक गर्दीनं काढू नका, दोघादोघांच्या जोड्या पाडा आणि एक विषय सहा महिने धरून ठेवा. तुमचा पेवांचा विषय तर सोन्यासारखा आहे, ती म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना पेवाच्या तोंडाशी उभं करून फोटो घ्या आणि त्यांचं बोलणंही रेकॉर्ड करून ठेवा.

---

थेट_बोलतो

ऐकायला छान वाटतं हे सगळं पण वस्तुस्थिती बोलू का? धंद्यातले लोक एका टेबलावर बसणारच नाहीत. आज तुमच्याबरोबर चहा प्यायलेला उद्या तुमच्या पार्टीला, म्हणजे गिऱ्हाईकाला, फोन करून तुमच्यापेक्षा दहा हजारांनी कमी कोटेशन देतो. अल्बम फुकट, ड्रोन फुकट, प्री-वेडिंग फुकट. रेटचा प्रश्न सुटत नाही तोवर कसला कट्टा आणि कसली कला. आधी रेट ठरवा.

---

रंकाळ्याचा_वारा

@थेट_बोलतो रेट पडतात हे खरं आहे, आमच्याकडेही पडतात, नाकारत नाही. पण मला उलटं दिसलंय. जो रेट पाडतो तो बहुतेक वेळा असा असतो की ज्याचं काम बाकी दहा जणांसारखंच दिसतं, मग त्याच्याकडे पाडायला किंमतच उरते. ज्याचा फोटो बघून हा अमुक अमुकचा असं गिऱ्हाईक ओळखतं त्याला घासाघीस कमी करावी लागते. आणि ती ओळख एकट्यानं घरी बसून एडिटिंग करून येत नाही, चार जणांनी तुमचं काम समोर ठेवून खरं बोलावं लागतं.

ही काही आजची गोष्ट पण नाही. मुंबईत १८५४ ला फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, कॅमेरा या देशात नवाकोरा असताना. भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्यातले. पेशानं डॉक्टर, पण कॅमेरा हातात घेतलेला माणूस. त्यांच्यासारखे हौशी आणि पोटासाठी स्टुडिओ चालवणारे असे दोन्ही तेव्हापासून एकाच शहरात काम करत आलेत. रेटवर बैठक घ्यायची तर वेगळी घ्या, जरूर घ्या, पण ती या टेबलावर आणू नका.

---

तंतूवाद्य_गल्ली

मी मिरजेची. कृष्णाकाठ दादा, तुमच्या त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी पण आहे, कधी बोलत नाही एवढंच. का बोलत नाही ते सांगते. फोटोवॉक ठरतो पहाटे साडेपाचला नाहीतर रात्री नऊनंतर, भेटायची जागा टपरी, आणि मग आमच्यासारख्या चार-पाच मुली आपोआप बाहेर राहतात. ऑर्डरीतसुद्धा तसंच, मेहंदीला आणि नवरीच्या खोलीत शूट करायला आम्ही, मंडपात मेन कॅमेरा मात्र दादा लोकांकडे. मी मंगलाष्टकांच्या गर्दीत उभी राहून शूट केलंय आणि व्यवस्थित केलंय, त्यामुळे ते जमत नाही हे कारण आता देऊ नका. बैठक संध्याकाळी पाच-सहाला, उजेडाच्या आणि सर्वांना येता येईल अशा जागी ठेवा, पहिल्याच बैठकीला बघा किती जणी येतात.

दुसरं, विषय. तुम्ही सांगलीकर मिरजेला विसरता! सतारमेकर गल्लीत मी बऱ्याच दिवसांपासून जाते. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा एका आठवड्यात कितीतरी कॅमेरे आले, सगळ्यांनी तयार सतार हातात धरलेले कारागीर काढले, हसरे, कॅमेऱ्याकडे बघणारे, आणि गेले. पण खरं काम त्याच्या आधीचं आहे. पंढरपूरकडून भोपळे येतात, ते माळ्यावर रचलेले असतात, मग त्यातला हवा तो निवडताना कारागीर बोटानं टिचकी मारून ऐकतात. जवारी काढायला, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद जुळवायला, बसले की घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) कानस एकदा फिरवायची, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, परत तार सैल करायची आणि परत कानस. असं तासन् तास चालतं आणि त्या वेळी त्यांचा चेहरा बघा, डोळे उघडे असतात पण बघत काहीच नसतात, सगळं लक्ष कानात. तो चेहरा पहिल्या दिवशी मिळत नाही, तुम्ही तिथं असण्याची त्यांना सवय व्हावी लागते. शटरच्या आवाजाचाही त्रास होतो त्यांना, म्हणून मी सायलेंट मोडवरच काढते आणि जवारी चालू असताना मोजकेच काढते.

पुण्यात सतीश पाकणीकरांनी गायक-वादकांचे जे फोटो वर्षानुवर्षं काढले, किंवा संदेश भंडाऱ्यांनी तमाशा कलावंतांमागं फिरून जे काम केलं, ते एका दिवसाच्या शूटमधून आलेलं नाही. मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत जी गाण्याची सभा होते तिथं तुमच्यातले किती जण जातात? यंदा आपण जाऊ. सर्वांनी स्टेजचे फोटो काढायची गरज नाही, ऐकणारी माणसं पण आहेत.

---

लाल_दिवा

आमचा स्टुडिओ, वडिलांनी सुरू केलेला, आता मी बघतो. सर्व तरुण मंडळींना एक विनंती आहे की गावातल्या जुन्या स्टुडिओवाल्यांना या कट्ट्यावर बोलवा. आम्हाला ड्रोन येत नसेल पण आमच्या कपाटात तुमचं गाव आहे. शाळांचे ग्रुप फोटो, दुकानांची उद्घाटनं, गणपतीच्या मिरवणुका, कारखान्याच्या सभा, ज्या वाड्यांच्या जागी आज अपार्टमेंट आहेत त्या वाड्यांपुढं काढलेली लग्नं. हे सगळं निगेटिव्हमध्ये आहे आणि ते दरवर्षी थोडं थोडं मरतंय. कुणी स्टुडिओ बंद करताना भंगारात दिलं, कुणाकडे बुरशी, आणि २००५, २०१९, २०२१ च्या पुरात जे गेलं त्याची गणती नाही.

पुराचं पाणी ओसरल्यावर लोक एक गोष्ट करतात ती करू नका, म्हणून इथं लिहून ठेवतो. भिजलेल्या फोटोंचा गठ्ठा तसाच उन्हात वाळत घालू नका, सगळे एकमेकांना चिकटतात आणि मग सोडवताना वरचा थर सोलून निघतो. ओले आहेत तोवरच स्वच्छ गार पाण्यात ठेवून अलगद एकेक सुटा करायचा, चिखल हात न घासता पाण्यानंच जाऊ द्यायचा, आणि फोटोची बाजू वर करून सावलीत कोऱ्या सुती कापडावर किंवा टिपकागदावर वाळवायचा, हेअर ड्रायर नको, इस्त्री तर नकोच. निगेटिव्हच्या पट्ट्या दोरीला चिमट्यानं लटकवायच्या. सगळं एका दिवसात उरकत नसेल तर मध्ये बटरपेपर घालून पिशवीत भरून फ्रीजरला टाका, नंतर सावकाश काढा. फक्त काचेच्या निगेटिव्ह फ्रीजरमध्ये कधी ठेवायच्या नाहीत.

आणि वाचलेल्या निगेटिव्ह कॉपी करायला महागडा स्कॅनर लागत नाही. तुमच्याकडे मॅक्रो लेन्स आहेत, एक लाईट पॅड आणि कॅमेरा सरळ खाली बघेल असा स्टँड एवढं जमवा, रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाईलमध्ये) फोटो घ्या आणि कॉम्प्युटरवर निगेटिव्हचं पॉझिटिव्ह करा. दोन तरुण पोरं रविवारी आली तर मी कपाट उघडून बसायला तयार आहे. कोण कोण आहे फोटोत ते मला सांगता येईल, माझ्यानंतर कुणाला सांगता येणार नाही.

---

हक्काचा_फोटो

वरचं सगळं पटलं. कायद्याचं काम करतो आणि फोटोही काढतो म्हणून एक मुद्दा घालतो, कारण एकत्र आलात तर याचा फायदा सर्वांना होईल. आपला पुराचा नाहीतर गणपतीचा फोटो कुणीतरी उचलतं, खालचं नाव कापतं आणि थेट शुभेच्छांच्या फ्लेक्सवर लावतं, हे प्रत्येकाचं झालंय. तुम्ही स्वतःच्या मनानं काढलेल्या फोटोचा कॉपीराइट तुमचाच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ नीट वाचा. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला, म्हणजे लग्नाची ऑर्डर, तर वेगळा करार नसेल तर पहिला मालक तो सांगणारा असतो, तुम्ही नाही. म्हणून कोटेशनवरच दोन ओळी टाका, हक्क कुणाकडे, पार्टीला कशासाठी वापरता येतील, आणि तुम्हाला तुमच्या पेजवर किंवा प्रदर्शनात दाखवता येतील का. त्यावर सही घ्या. हाच मजकूर गावातल्या सगळ्यांनी वापरला तर कुणा एकाला गिऱ्हाईकासमोर अवघडल्यासारखं होणार नाही. मूळ रॉ फाईल कुणालाही देऊ नका, फोटो आपला आहे हे दाखवायला तीच कामाला येते.

आणि लाल दिवा काका, त्या जुन्या निगेटिव्ह लोकांसमोर लावताना घरच्या लोकांना विचारूनच लावा, विशेषतः घरगुती कार्यक्रमांच्या.

---

कृष्णाकाठ_क्लिक

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सर्वांचे मनापासून आभार. ठरवलं. पहिली बैठक या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी पाच, माझ्या स्टुडिओत, मोबाईल बाजूला, प्रत्येकी तीन प्रिंट. मिरजेच्या ताई, तुमच्या मैत्रिणींना घेऊन या आणि सतारीचे प्रिंट नक्की आणा, सुरुवात त्यानंच करू. पेवांच्या कामाला दोन जोड्या मी आजच पाडतोय, हरिपूरच्या एका आजोबांशी बोलणं झालंय. @थेट_बोलतो तुम्ही पण या दादा, रेटची बैठक आपण वेगळी घेऊ, मलाही त्यात बोलायचंय.

लाल दिवा काका, रविवारी मी आणि माझा असिस्टंट येतो, लाईट पॅड आहे आमच्याकडे. निगेटिव्हची कुठली बाजू वर ठेवायची?

---

लाल_दिवा

चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे, मंद बाजू खाली लाईट पॅडकडे. पहिला फोटो घेतला की त्यातली दुकानाची पाटी वाचून बघायची, अक्षरं सुलटी दिसली की बरोबर. हातमोजे सुती आणा आणि ब्लोअर आणा, तोंडानं फुंकर मारायची नाही. दहा वाजता या, जेवण इथंच.