नावेचं नाव लॅटिनमध्ये ठेवायचंय, जरा अर्थ तपासून द्या

मंडळी, शंका छोटी आहे पण पाल्हाळ लागणार. इथे साउथॅम्प्टनजवळ आम्ही तिघांनी मिळून एक जुनी शिडाची बोट घेतली, २२ फुटी, निळी, बाजूने नारिंगी पट्टा. आधीच्या मालकाने नाव खरवडून काढलंय, तिथे नुसता गोंदाचा चट्टा उरलाय. बाकीचे दोघं इंग्रज, त्यातला एक शाळेत लॅटिन शिकलेला आणि ते भेटेल त्याला ऐकवणारा, म्हणून नाव लॅटिनच हवं असं ठरलं. आणि सुचवायचं काम माझ्या गळ्यात, कारण एकदा मी बोलून गेलो की संस्कृत आणि लॅटिन बहिणी बहिणी. घ्या आता. माझी यादी अशी: कार्पे दिएम, सेम्पर पॅरेटस, स्टेला मारिस, मेर्गुस (हा कुठलासा पाणपक्षी म्हणे). कुठलं चालेल?

शब्दवेडी: कार्पे दिएम नको रे बाबा, कुठल्याही धक्क्यावर गेलास तर त्या नावाची एक तरी बोट सापडेलच. शब्द मात्र छान आहे. रोमन कवी होरेसच्या कवितेतला आहे आणि कार्पे म्हणजे 'झडप घाल' वगैरे नाही, फळ किंवा फूल खुडतो ना, ते खुडणं. आजचा दिवस खुडून घे. इंग्रजीतून येताना त्यात उगाच मर्दानी जोर आलाय.

सेम्पर पॅरेटस म्हणजे 'सदा सज्ज', ते अमेरिकन कोस्ट गार्डचं ब्रीद आहे, पण पारातुस हे पुल्लिंगी रूप. लॅटिनमध्ये जहाजाला नाविस म्हणतात आणि ते स्त्रीलिंगी, तेव्हा बोटीला लावायचं तर सेम्पर पाराता. आता तुझा लॅटिनवाला मित्र म्हणेल की बोटीचं नाव पुल्लिंगी असलं तर विशेषणही पुल्लिंगी लागेल, तर त्याला रोमन कवी व्हर्जिलच्या ईनिड या महाकाव्याचा पाचवा सर्ग दाखव. तिथे नौकांची शर्यत आहे, चार नौका, प्रिस्टिस, किमेरा, सेंटॉरस आणि स्किला. सेंटॉरस म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा, शब्द चांगला पुल्लिंगी, तरी व्हर्जिल त्याला 'मोठी' म्हणतो, मॅग्ना, मॅग्नुस नाही. कारण डोळ्यासमोर नौका आहे, घोडा नाही. आपण नाही का, गाडीचं नाव काहीही असलं तरी 'ती बंद पडली' म्हणतो, तसंच.

आणि मेर्गुस??? अरे मेर्गेरे म्हणजे बुडवणं. मेर्गुस म्हणजे पाणबुड्या, बुडी मारणारा पक्षी. पॅरिस शहराच्या चिन्हावर जहाज आहे आणि खाली ब्रीद, फ्लुक्तुआत नेक मेर्गितुर, हेलकावे खाते पण बुडत नाही. त्यातलं ते मेर्गितुर हेच. बोटीवर 'बुड्या' असं स्वतःच्या हाताने रंगवणार आहेस का?

उनाड: 😂 विमा कंपनी आधीच पत्र पाठवेल

वसईकर: स्टेला मारिसबद्दल मी लिहितो, आमच्याकडचं घरातलं नाव आहे ते. समुद्राचा तारा, म्हणजे मारियामाता. आमच्या आजोबांना लॅटिन मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) पाठ होती, अर्थ विचारला की म्हणायचे अर्थ देवाला कळतो, तू सूर नीट लाव. पण या शब्दाची गंमत अशी सांगतात की संत जेरोमने मिर्याम या हिब्रू नावाचा (मारियाचं मूळ नाव ते) अर्थ स्टिला मारिस असा दिला होता, स्टिला म्हणजे थेंब. समुद्राचा थेंब. पुढे नकलून घेणाऱ्या कुणीतरी इ चा ए केला आणि थेंबाचा तारा झाला, आणि तोच सगळ्या जगभर चालला. मला विचाराल तर २२ फुटी बोटीला थेंबच जास्त शोभतो. पण घरात श्रद्धा नसताना नुसतं भारी वाटतं म्हणून हे नाव लावू नका दादा, एवढंच.

शब्दवेडी: अगदी बरोबर. त्यात आणखी एक खोडी, मारिस हे मारे म्हणजे समुद्र याची षष्ठी, पण मास म्हणजे नर, त्याची षष्ठीसुद्धा मारिसच! व्याकरणाने 'नराचा तारा' असाही अर्थ निघू शकतो. निघतो, काढू नये.

तांडेलाचा नातू: तुम्ही लोक लॅटिनात कुठे शोधताय, शीर्षकातच बघा ना. नावेचं नाव. हे दोन्ही 'नाव' वेगळ्या घरचे. बोट ती नाव आली संस्कृत नौ वरून, आणि ओळखीचं ते नाव आलं नामन् वरून. लॅटिनमध्ये त्याच दोघी नाविस आणि नोमेन म्हणून नांदतात, तिथे कधी एकमेकीत मिसळल्या नाहीत, आपल्याकडे झिजून झिजून सारख्या झाल्या. पूर्वी निदान नांव असा टिंब देऊन वेगळं लिहायचे, पुढे नियम बदलले आणि टिंब गेलं. पण लिंगाने अजून वेगळ्या राहिल्यात, ती नाव आणि ते नाव, नावेत बसायचं आणि नावाने हाक मारायची, नावा किनाऱ्याला लागतात आणि नावं वहीत लागतात. त्या इंग्रजाला हे सांगा, लॅटिनपेक्षा मजा येईल त्याला.

आणि आमचा नाखवा पण त्याच कुळातला. फारसी नाखुदा, म्हणजे नाव + खुदा, नावेचा धनी. फारसीतली नाव आणि लॅटिनची नाविस सख्ख्याच. म्हणजे करंजा बंदराच्या धक्क्यावर कुणी 'ओ नाखवा' अशी हाळी दिली की अर्धा शब्द रोमन माणसाला पण ओळखू आला असता.

उनाड: नाखवा हेच ठेवा की मग! नाहीतर शेवटी इया लावा, कोकणिया. टायटॅनिकच्या जमान्यात त्या कंपनीची सगळी जहाजं इया वरच संपायची ना

शब्दवेडी: ती क्यूनार्ड, टायटॅनिकची कंपनी वेगळी, व्हाइट स्टार, त्यांचं इक. क्यूनार्डची लुसिटानिया, मॉरिटानिया, अ‍ॅक्विटानिया ही खरी रोमन प्रांतांची नावं आहेत, लुसिटानिया म्हणजे साधारण आजचं पोर्तुगाल. शेपूट लावून लॅटिन होत नसतं, नाहीतर आपला बटाटाही बटाटस झाला असता.

रोमन लोक स्वतः काय नावं ठेवायचे ते बघ ना. नेपल्सजवळ मिसेनमला त्यांचं आरमार असायचं, तिथल्या खलाशांच्या थडग्यांच्या दगडांवर माणसाच्या नावाबरोबर त्याच्या जहाजाचं नाव कोरलेलं सापडतं. फिदेस (विश्वास), स्पेस (आशा), सालुस (क्षेम), फोर्तुना, मिनर्वा, इसिस, नद्यांची सुद्धा, टायबर, टायग्रिस. साधे शब्द, एकेरी. कुणी सुविचार नाही लिहीत बसलं. दुसऱ्या शतकातलं एका पोराचं पत्र आहे, आपियोन नावाचा इजिप्तचा पोरगा आरमारात भरती होऊन मिसेनमला पोचला आणि बापाला ग्रीकमध्ये लिहितो की समुद्रात जिवावर बेतलं होतं, देव सेरापिसने तारलं, प्रवासभत्ता तीन सोन्याची नाणी मिळाली, तुम्हाला माझं चित्र पाठवतोय, आता माझं नाव आंतोनियुस माक्सिमुस आणि जहाजाचं नाव आथेनोनिके. मुलाचं बदललेलं नाव आणि नावेचं नाव, दोन्ही बापाला एकाच कागदात कळली. मला ते पत्र फार आवडतं, विषयाला सोडून आहे पण असू दे.

(मूळ लेखक): बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. एक अडचण सांगायची राहिली, व्हीएचएफवर (बोटीतल्या रेडिओवर) मेडे, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक, द्यायची वेळ आली तर बोटीचं नाव तीनदा म्हणावं लागतं, आणि वाऱ्यात समोरच्याला कळलं नाही तर एकेक अक्षर फोड करून सांगायचं, अल्फा ब्राव्हो चार्ली करत. म्हणजे नाव आखूड हवं. स्पेस मला आवडलं होतं, घरी म्हणून बघितलं तर मुलगा म्हणाला बाबा रॉकेट आहे का ते. आणि शब्दवेडीताई, एखादा पक्षी चालेल का, मेर्गुस सोडून?

शब्दवेडी: बोट निळी आणि पट्टा नारिंगी म्हणालास ना? मग आल्केडो. खंड्या. आल्केडो आत्थिस हे लहान खंड्याचं शास्त्रीय नाव, तो तुझ्या तिकडच्या ओढ्यावर पण आहे आणि आपल्याकडे विहिरीच्या काठावर बसतो तो पण तोच. पक्षी एकच, रंग तुझ्या बोटीचे. शब्द स्त्रीलिंगी, तेव्हा भांडण नाही. आणि प्राचीन लोकांची समजूत अशी की हिवाळ्यात वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या आधी सात आणि नंतर सात दिवस हा पक्षी समुद्रावर घरटं करून बसतो म्हणून तेवढे दिवस वारा पडलेला असतो, त्या दिवसांना लॅटिनमध्ये आल्केडोनिया म्हणायचे. खंड्या काय समुद्रात अंडी घालत नाही, काठाला बीळ करतो, पण शब्द सुंदर. मासेही पकडतो, तोही गुण बोटीला बरा.

तांडेलाचा नातू: आणि त्याला धीवर पण म्हणतात. धीवर म्हणजे कोळी. झालं की, आमचीच झाली बोट.

उनाड: गूगल केलं. अमेरिकन नौदलाची याच नावाची यॉट नोव्हेंबर १९१७ मध्ये फ्रान्सजवळ पाणबुडीने टॉर्पेडो मारून बुडवली. बघा बुवा.

(मूळ लेखक): सोलेंटमध्ये, म्हणजे इथल्या सामुद्रधुनीत, टॉर्पेडोपेक्षा फेरीबोटी जास्त त्रास देतात, चालेल. पण उच्चार?

शब्दवेडी: जुन्या रोमन पद्धतीने आल्केडो, वसईकरांच्या आजोबांच्या पद्धतीने आल्चेदो, इंग्रज म्हणणार ॲल्सीडो. तिन्ही बरोबर, फक्त एका बोटीवर तिघांनी तीन म्हणू नका, रेडिओवर गोंधळ होईल.

(मूळ लेखक): ठरलं. काल स्टिकरची अक्षरं आली, सहा अक्षरं, चट्टा बरोब्बर झाकला गेला. लॅटिनवाला आल्केडो म्हणतो, मी घरी फोनवर खंड्या सांगितलं तर आईने विचारलं, निळा का रे, आपल्या विहिरीवरचा? तिसरा जो आहे तो लॅटिनच्या भानगडीत नसतो, त्याने पहिल्याच दिवशी तिचं ॲल करून टाकलंय.

शब्दवेडी: ॲल पुल्लिंगी आहे, सांग त्याला.