रक्तदाबाची गोळी आणि प्रोस्टेटची कॅप्सूल सुरू असताना वडील रात्री चक्कर येऊन पडले. औषध पुन्हा कसे सुरू करावे?

सातारकर लेक:

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ७२ आहे. त्यांना बरीच वर्षे उच्च रक्तदाब असून सकाळी टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ अशा दोन गोळ्या चालू आहेत. तेवढ्याने रक्तदाब उतरेना, म्हणून दीड वर्षापूर्वी आमच्या फिजिशियननी रात्रीसाठी प्राझोसिन २.५ एक्सएल ही तिसरी गोळी वाढवली. गेल्या महिन्यात रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागू लागले आणि धारही बारीक झाली, तेव्हा आम्ही मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो. सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढल्याचे दिसले आणि त्यांनी टॅम्सुलोसिन ०.४ ची कॅप्सूल रात्रीच्या जेवणानंतर घेण्यास सांगितले. जुनी चिठ्ठी त्या दिवशी घरीच राहिली होती. बाबांनी ‘बीपीच्या गोळ्या चालू आहेत’ एवढेच तोंडी सांगितले.

तीन आठवडे लघवीचा त्रास खूपच कमी झाला, मात्र सकाळी उठल्यावर थोडे गरगरते असे ते म्हणत. आषाढी एकादशीला त्यांनी दुपारी फक्त एक कप दूध घेतले, रात्री काहीच खाल्ले नाही, पण गोळी चुकवायची नाही म्हणून साडेनऊला प्राझोसिन आणि कॅप्सूल दोन्ही घेतले. रात्री अडीचच्या सुमारास लघवीला उठले आणि न्हाणीच्या दारात डोळ्यांसमोर अंधारी येऊन पडले. कपाळाला खोक पडली, हाड मोडले नाही. सकाळी भावाने घरच्या यंत्रावर रक्तदाब मोजला तेव्हा बसून १२८/७६ आणि उभे राहिल्यावर ९८/६० आला.

त्या दिवसापासून बाबांनी कॅप्सूल आपणहून बंद केली आहे. आज आठवा दिवस आहे आणि लघवीचा त्रास पुन्हा पूर्वीसारखा झाला आहे. कॅप्सूल आज रात्रीपासून सुरू केली तर चालेल का? त्याऐवजी रक्तदाबाची एखादी गोळी कमी करावी का? एकाच गोळीने दोन्ही कामे होतात असे एका नातेवाइकांनी सांगितले, ते खरे आहे का? पुढच्या महिन्यात त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली आहे. कपाळ आणि खांदा दुखतो म्हणून आम्ही डायक्लोफेनॅकची गोळी देत आहोत.

जुना फार्मासिस्ट:

ताई, आपण सर्व औषधांची नावे मात्रेसह लिहिलीत, त्यामुळे मूळ अडचण लगेच दिसली. प्राझोसिन आणि टॅम्सुलोसिन ही दोन्ही एकाच गटातील औषधे आहेत. या गटाला अल्फा ब्लॉकर म्हणतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील आणि मूत्राशयाच्या तोंडाशी व प्रोस्टेटमध्ये असलेल्या स्नायूंना आवळून धरणारा जो संदेश असतो, तो ही औषधे अडवतात. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल होऊन रक्तदाब उतरतो आणि लघवीची वाट मोकळी होते. प्राझोसिनचा भर रक्तवाहिन्यांवर असतो आणि टॅम्सुलोसिनचा मुख्यतः प्रोस्टेटवर, पण म्हणून टॅम्सुलोसिन रक्तदाबाला अजिबात हात लावत नाही असे नाही. या गटातील दोन औषधे एकत्र देऊ नयेत, असे टॅम्सुलोसिनच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. एक चिठ्ठी एका डॉक्टरांची, दुसरी दुसऱ्यांची, आणि दोघांनाही एकमेकांची चिठ्ठी दिसलेली नाही, असे माझ्या दुकानात मी अनेकदा पाहिले आहे. ब्रँडची नावे इतकी वेगळी असतात की रुग्णाला दोन्ही औषधे एकाच घराण्यातील आहेत हे कळण्याचा काही मार्गच नसतो.

आता एकादशीच्या रात्रीविषयी. टॅम्सुलोसिन रोज एकाच जेवणानंतर साधारण अर्ध्या तासाने घ्यावे, असे सांगण्यामागे ठोस कारण आहे. रिकाम्या पोटी घेतल्यास ते सुमारे ३० टक्के अधिक शोषले जाते, रक्तातील त्याची सर्वोच्च पातळी ४० ते ७० टक्क्यांनी वाढते, आणि ती पातळी जेवणानंतरच्या ६ ते ७ तासांऐवजी ४ ते ५ तासांतच गाठली जाते. साडेनऊला घेतलेली कॅप्सूल आणि अडीचला आलेली चक्कर यांचा हिशेब आपणच घालून पाहावा. त्यात दिवसभर पोटात पाणी कमी आणि प्राझोसिनची जोड. बाबांनी शिस्तीने औषध घेतले आणि त्या शिस्तीनेच त्यांना इजा झाली, हे वाचून मला मनापासून वाईट वाटले. औषध देणाऱ्याने ‘जेवणानंतर’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगायला हवा होता.

कॅप्सूल आज रात्री आपल्या मनाने सुरू करू नका. काही दिवसांचा खंड पडला की शरीराची सवय मोडते आणि पुढचा डोस पुन्हा पहिल्या डोससारखा वागतो. पहिल्या डोसनंतर चक्कर येणे किंवा शुद्ध हरपणे हा या गटाचा ओळखीचा धोका आहे. प्राझोसिन, टेराझोसिन यांची सुरुवात अगदी कमी मात्रेने आणि झोपताना करतात ती याचसाठी. प्राझोसिनही स्वतःहून बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांना उद्याच फोन करा आणि वर लिहिलेली यादी जशीच्या तशी वाचून दाखवा. एक्सएल गोळी आणि टॅम्सुलोसिनची कॅप्सूल चावून, फोडून किंवा पूड करून कधीही देऊ नये, कारण दिवसभर हळूहळू सुटायचे औषध मग एकदम सुटते.

सांगलीचे आजोबा:

मी नऊ वर्षे टॅम्सुलोसिन घेत आहे, म्हणून अनुभवाचे दोन शब्द लिहितो. रात्री जाग आली की मी आधी पलंगावर उठून बसतो, पाय खाली सोडून पावले खालीवर करतो, मिनिटभर थांबतो आणि मग पलंगाच्या कठड्याला धरून उभा राहतो. न्हाणीपर्यंतच्या वाटेवर लहान दिवा रात्रभर चालू असतो आणि लघवीला मी बसूनच जातो. कढत पाण्याने अंघोळ केल्यावरही रक्तवाहिन्या सैल होतात, तेव्हा लगेच झटकन उठू नये.

दुसरी गोष्ट सर्दीच्या गोळ्यांची. चार वर्षांपूर्वी मला सर्दी झाली म्हणून मी दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणून दोन दिवस घेतल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे लघवी पूर्ण अडकली, पोट दगडासारखे झाले आणि रुग्णालयात नळी घालावी लागली. त्या गोळीत क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन होते. पहिले औषध मूत्राशयाची आकुंचन पावण्याची ताकद कमी करते आणि दुसरे मूत्राशयाचे तोंड आवळते, शिवाय रक्तदाबही वाढवू शकते, असे मला तिथल्या डॉक्टरांनी समजावले. आपल्या बाबांना पावसाळ्यात सर्दी झाली तर घरात पडलेली गोळी देऊ नका. त्या वेदना मी आजही विसरलेलो नाही.

फिजिशियन, सोलापूर:

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. समक्ष तपासल्याशिवाय मात्रा सांगणे योग्य होणार नाही, परंतु काही गोष्टी तातडीच्या आहेत.

सर्वांत आधी डोक्याच्या माराविषयी. वडील ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारे दुसरे कोणतेही औषध घेत असतील, किंवा डोके वाढत्या प्रमाणात दुखणे, उलटी, गुंगी, बोलण्या-चालण्यात फरक यांपैकी काही जाणवत असेल, तर आजच रुग्णालयात जावे. या वयात डोक्यात हळूहळू होणारा रक्तस्राव कित्येक दिवसांनी, प्रसंगी काही आठवड्यांनी लक्षात येतो. डायक्लोफेनॅक थांबवून पॅरासिटामॉलविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी रक्तदाब वाढतो, आणि टेल्मिसार्टनसोबत, विशेषतः उपवासाने किंवा जुलाबाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

आपल्या भावाने उभे करून रक्तदाब मोजला, हे फार मोलाचे काम झाले. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर ती घसरण आम्ही महत्त्वाची मानतो. इथे वरचा आकडा ३० ने उतरला आहे. बसून घेतलेला १२८/७६ हा आकडा पाहून कोणत्याही डॉक्टरांनी ‘उत्तम’ असा शेरा दिला असता.

एकाच गोळीने दोन्ही कामे होतात का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. टेराझोसिन आणि डॉक्साझोसिन ही अल्फा ब्लॉकर गटातील औषधे दोन्हींसाठी वापरली जातात, हे खरे आहे. परंतु अमेरिकेतील ऑलहॅट या मोठ्या अभ्यासात डॉक्साझोसिन घेणाऱ्यांमध्ये हृदय निकामी होण्याचे प्रमाण क्लोरथॅलिडोन (लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारे औषध) घेणाऱ्यांपेक्षा अधिक आढळल्याने अभ्यासातील डॉक्साझोसिनचा भाग २००० साली मुदतीपूर्वी थांबवण्यात आला. त्यामुळे रक्तदाबासाठी अल्फा ब्लॉकर गट आता पहिल्या पसंतीचा राहिलेला नाही, इतर औषधे पुरी पडत नसतील तेव्हा जोड म्हणून दिला जातो. प्रोस्टेटचा त्रास आहे म्हणून रक्तदाबाची मुख्य औषधे काढून सगळा भार एका अल्फा ब्लॉकरवर टाकणे मला मान्य नाही. आपल्या वडिलांच्या बाबतीत प्राझोसिन काढून रक्तदाबासाठी वेगळ्या गटातील औषध द्यायचे की टॅम्सुलोसिनला पर्याय शोधायचा, हे दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवावे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी नेत्रतज्ज्ञांना टॅम्सुलोसिनचे नाव सांगणे अत्यावश्यक आहे. या औषधामुळे बुबुळाचा पडदा शस्त्रक्रियेदरम्यान ढिला पडून हलतो आणि बाहुली मध्येच आकसते, हे २००५ मध्ये प्रथम नोंदवले गेले. आधी माहिती असेल तर नेत्रतज्ज्ञ पडद्याला आधार देणारी साधने आणि औषधे तयार ठेवतात. औषध काही दिवस बंद ठेवल्याने हा धोका टळतो असे सिद्ध झालेले नाही. कित्येक महिन्यांपूर्वी बंद केलेल्या रुग्णांतही तो दिसला आहे. म्हणून ‘आता तर बंद आहे’ असे समजून ही गोष्ट गाळू नका.

पुढे कधी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही प्रोस्टेटचा आकार कमी करणारी औषधे जोडली गेली, तर पीएसए या प्रोस्टेटच्या रक्तचाचणीच्या वेळी तेही सांगावे, कारण साधारण सहा महिन्यांत ही औषधे पीएसएचा आकडा निम्म्यावर आणतात आणि दिसणारा आकडा फसवा ठरतो. गरोदर स्त्रीने या गोळ्यांचा चुरा किंवा फुटलेली कॅप्सूल हाताळू नये.

सातारकर लेक:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुने फार्मासिस्ट काकांचे उत्तर वाचून माझे हातपाय गार पडले होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही चिठ्ठ्या आणि सर्व स्ट्रिप पिशवीत घालून आम्ही फिजिशियनकडे गेलो. त्यांनी आमच्यासमोरच मूत्ररोगतज्ज्ञांना फोन केला. प्राझोसिन बंद झाले, टॅम्सुलोसिन नव्याने सुरू करत आहोत असे समजून पहिले तीन दिवस रात्री बाबांजवळ कोणीतरी झोपावे असे सांगितले, आणि दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ बसून व उभे राहून रक्तदाब लिहून ठेवण्यास वही दिली. डोक्याचा सीटी स्कॅन झाला, त्यात काही निघाले नाही. डायक्लोफेनॅक थांबवले. काल सकाळी उभे राहून १२४/७४ आला आणि रात्री ते दोनदाच उठले. नेत्रतज्ज्ञांनी त्यांच्या केसपेपरवर टॅम्सुलोसिनचे नाव लाल शाईने लिहून घेतले आहे.

परवा आषाढ वद्य एकादशी आहे. उपवास सोडा असे मला बाबांना सांगवेना, आणि फिजिशियननीही तसे सांगितले नाही. दिवसभर पाणी पीत राहावे आणि रात्री पोटभर फराळ करावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. बाबांनी रात्री भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन अर्ध्या तासाने कॅप्सूल घेण्याचे कबूल केले आहे.