स्वतः कादंबरी लिहिणारा आणि लिहायला शिकवणारा लेखक सुचवा

खाणवाट, डिचोली
नमस्कार मंडळी. मी जिऑलॉजी शिकलो, २०१८ ला खाणी बंद पडेपर्यंत खाणीवर सर्व्हेचं काम केलं, आता म्हापशाला एका ऑफिसात दिवसभर रिपोर्ट तयार करतो. ४ वर्षं झाली, रात्री जेवणं आटपली की कादंबरी लिहायला बसतो, २०० पानं झालीत पण परत वाचायला घेतली की मलाच अडखळायला होतं आणि नेमकं कुठे ते कळत नाही. क्लास लावायचा तर वेळ नाही. इंग्रजी चालेल.

पाट्टोची वाचक
दादा, तुमचं वाचताना एकच नाव आलं डोक्यात, जॉर्ज सॉन्डर्स. अमेरिकन, जन्म १९५८. हा पण तुमच्यासारखा जमिनीखालचाच माणूस हो! कोलोरॅडोच्या मायनिंग कॉलेजात जिओफिजिक्स शिकला, सुमात्रात तेल शोधायच्या कामावर होता, तिथे नदीत पोहून आजारी पडला आणि घरी परतला. मग सिराक्यूज युनिव्हर्सिटीत लेखनाची डिग्री, आणि पोटासाठी रॉचेस्टरला इंजिनिअरिंग कंपनीत रिपोर्ट लिहिणं. पहिला कथासंग्रह नोकरी करता करता, मिळेल तेवढ्या वेळात लिहिला, तो १९९६ ला आला. पहिली कादंबरी थेट २०१७ ला, पन्नाशी उलटल्यावर, आणि तिला बुकर! १९९७ पासून सिराक्यूजलाच शिकवतोय.

तुम्ही 'अ स्विम इन अ पॉन्ड इन द रेन' घ्या. त्याच्या वर्गातल्या ७ रशियन कथा अख्ख्या छापल्यात आणि प्रत्येकीवर तो बोलतो. पहिली चेकॉव्हची, एक मास्तरीण पगार घेऊन गाडीतून गावी परत येते, एवढीच गोष्ट. पण ती तो एकेक पान देतो आणि थांबवून विचारतो, आता तुला काय काय माहीत आहे, कशाची उत्सुकता लागलीय, पुढे काय होईल वाटतं? मी हेच प्रश्न माझ्या कथेला लावले तर चौथ्या पानावरच उत्सुकता संपलेली, आणि ती कथा मी ३ वर्षं घासत होते.

माशेलचा मास्तर
ताई म्हणतात ते खरं. पुनर्लेखनाची त्याची रीत पण बघा. कपाळात एक मीटर आहे असं समजायचं, एका बाजूला पॉझिटिव्ह, दुसऱ्या बाजूला निगेटिव्ह, आपलं लिखाण परक्यासारखं वाचत जायचं आणि काटा पडला की तिथलं वाक्य बदलायचं, मग परत पहिल्यापासून. हे शेकडो वेळा. मी दहावीच्या पोरांच्या निबंधाला लावून बघितलं, कुठे कंटाळा येतो ते पोरं बरोब्बर दाखवतात.

कादंबरी मात्र, 'लिंकन इन द बार्डो', नंतर वाचा. लिंकनचा ११ वर्षांचा मुलगा १८६२ त वारला, बाप रात्री दफनभूमीत येतो आणि बोलतात ती तिथली मेलेली माणसं, एकामागून एक. मला ३० पानांपर्यंत काही सुधरेना. मग मोठ्यानं वाचायला लागलो, एकेक आवाज वेगळा काढून, गावच्या नाटकाची तालीम असते तसं, तेव्हा लागली. शेवटाकडे बायको पण येऊन बसायची ऐकायला.

खाणवाट, डिचोली
देव बरें करूं दोघांचं. रिपोर्ट लिहिणारा माणूस वाचून खरंच धीर आला. शनिवारी पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीत विचारतो, नाहीतर मागवतो. चेकॉव्हच्या कथा आधी मराठीतून वाचून घेतल्या तर चालेल ना?

पाट्टोची वाचक
बाकीच्या वाचा खुशाल, पण ती गाडीची कथा नको. ती पुस्तकातच वाचा, एकेक पान, आणि त्याचे प्रश्न झाल्याशिवाय पुढचं पान उलटू नका.